चिकाच्या पैशावर उभे राहिलेले शहर : मनाऊस

मुलांनो, सायकलची ट्यूब पंक्चर झाली की आपण तिला ठिगळ लावून घेतो. ते ठिगळ रबराचे. आणि रबर म्हणजे काय, तर एका झाडाचा वाळवलेला चीक! फणसाचा असतो ना, तसाच पांढरा आणि चिकट. या झाडाचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेतले ॲमेझॉनचे जंगल. त्याच चिकाच्या पैशावर जंगलाच्या मधोमध मनाऊस नावाचे शहर मोठे झाले. आज आपण तिथली सहल करू. भाडे लागणार नाही!

भिंतीवरच्या नकाशात ब्राझील देश पाहा. विषुववृत्ताच्या जरासे खाली मनाऊस आहे. समुद्र तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर लांब, तरी समुद्रातली जहाजे नदीतून थेट या गावापर्यंत येतात. वस्ती वीस लाखांच्या वर. नदीचे नाव रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी. जंगलातला पालापाचोळा कुजून त्याचा अर्क पाण्यात उतरतो, म्हणून पाणी कोऱ्या चहासारखे दिसते.

गावाच्या खालच्या अंगाला या नदीला सोलिमोस नदी मिळते. ती अँडीज पर्वताची माती घेऊन येते, म्हणून दुधाच्या चहासारखी! आता गंमत ऐका. दोन्ही पाणी एकाच पात्रात, पण सुमारे सहा किलोमीटर एकमेकांत मिसळतच नाहीत. एक गार आणि वेगाने धावणारे, दुसरे कोमट आणि संथ. होडीतून एक हात काळ्या पाण्यात आणि लगेच पुढे गढूळ पाण्यात घातला, तर फरक हाताला कळतो म्हणे.

गावात शिरलो की टेकाडावर घुमट दिसतो. हे ॲमेझॉन नाट्यगृह. १८९६ साली सुरू झाले. घुमटावर छत्तीस हजार चकचकीत कौले आहेत, ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांची. संगमरवर इटलीचा, लोखंड ब्रिटनचे. आत १९८ झुंबरे! गाणे चालू असताना घोडागाड्यांचा खडखडाट नको, म्हणून बाहेरच्या रस्त्यात रबर मिसळले होते असे सांगतात.

एवढा पैसा आला कुठून? ते पाहायचे तर होडीने थोडे लांब जावे लागते. तिथे रबर गोळा करण्याचे जुन्या पद्धतीचे ठाणे संग्रहालय म्हणून दाखवतात. मालकाचा थाटाचा वाडा आणि मजुराची झोपडी. मजूर पहाटेच्या अंधारात डोक्याला दिवा बांधून निघे. झाडाच्या सालीवर चरे पाडी, खाली डबा लावी. मग धुरावर बसून त्या चिकाचा मोठा गोळा करी. धुराने डोळे जात. आणि तिथले दुकान मालकाचेच! पीठ, मीठ, अवजारे, सगळे उधारीवर आणि चढ्या भावाने. सावकाराची वही असते ना, तसेच. कर्ज काही फिटायचे नाही. ब्राझीलच्या दुष्काळी भागातून पोटासाठी आलेले हजारो लोक असे अडकले. जंगलातल्या मूळ आदिवासींना तर जबरदस्तीने राबवले. झुंबरे पाहताना मला तरी हीच माणसे आठवतात.

पुढे काय झाले? १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने रबराचे सुमारे सत्तर हजार बी लंडनला नेले. त्यांची रोपे श्रीलंका, मलायात गेली. तिथे ओळीने मळे झाले आणि रबर स्वस्त झाले. आपल्या केरळातली झाडेही त्याच कुळातली बरं का! १९१० नंतर मनाऊसचा धंदा बसला. नाट्यगृह कित्येक वर्षे बंद पडले. १९९७ पासून तिथे संगीतनाटकांचा महोत्सव भरतो.

नदीकाठी १८८३ सालची लोखंडी मंडई आहे. पिरारुकू नावाचा मासा तिथे मिळतो, माणसापेक्षा लांब वाढणारा!

शेवटी धक्क्यावर चला. हा धक्का तरंगता आहे, नदीबरोबर वर-खाली होतो. कारण पाणी दरवर्षी साधारण दहा मीटर चढते-उतरते. १९०२ पासून तिथे पाण्याची नोंद ठेवतात. २०२१ च्या जूनमध्ये मापपट्टीवर पाणी तीस मीटरच्या वर गेले, गावातल्या रस्त्यांवर फळ्या टाकून लोक चालले. मग २०२३ च्या ऑक्टोबरात तेच पाणी तेरा मीटरच्याही खाली आले. तरंगती घरे चिखलात बसली. होड्या अडकल्या, खेड्यांना प्यायला पाणी मिळेना. २०२४ साली पाणी त्याहूनही खाली गेले.

त्या दुष्काळात संगमाजवळचे खडक उघडे पडले. त्यांवर माणसांचे चेहरे कोरलेले दिसले, जुन्या आदिवासींनी हजारेक वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी कोरलेले. ते पाहायला गावचे लोक नदीच्या कोरड्या पात्रातून चालत गेले. पाणी चढले की ते चेहरे पुन्हा बुडतात.