कडावचा पाऊस आणि आपला माल

मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागते. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे म्हणजे कर्जत-खालापूर भागातील किरकोळ व्यापाराचा खरा हंगाम. आगोटीची बेगमी म्हणून सुकी मासळी, मीठ, मसाला, ताडपत्री, दोरी यांची खरेदी तेव्हाच होते. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडावला आसपासच्या वाड्यांतील गिऱ्हाईक येते. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की हेच गिऱ्हाईक शेतात गुंतते आणि त्याचा हातही आखडतो. म्हणून जुलैसाठी थोडाच माल भरावा. मात्र तो कोरडा राहील याची काळजी दुप्पट घ्यावी.

समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि पायथ्याशी पाणी ओततात. पाऊस दिसतो, त्यामुळे त्यापासून आपण माल झाकतो. हवेतील ओल मात्र दिसत नाही, आणि आपले नुकसान ती अधिक करते.

आमचाच अनुभव सांगतो. एका जुलैत कडावहून परतताना उरलेले कापड आम्ही घाईने प्लास्टिकमध्ये घट्ट बांधले. पावसाचा एक थेंबही आत गेला नाही. चौथ्या दिवशी गठ्ठा सोडला, तर घड्यांवर काळे ठिपके! कापड बांधतानाच दमट होते, आणि प्लास्टिकने ती ओल आत कोंडून ठेवली. अर्धा माल पडेल भावात काढावा लागला. त्या दिवसापासून आमचा नियम एकच : आधी वाळवा, मग बांधा; आणि घरी पोहोचताच सोडा.

प्रत्येक धंद्याची काळजी वेगळी. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढू लागते. ते गोणीत न ठेवता झाकणाच्या पिंपात ठेवावे. खारी-टोस्ट पत्र्याच्या डब्यातच न्यावेत आणि डबा वारंवार उघडू नये. कल्हईवाल्या बंधूंनी नवसागर घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावा. सुतार, शिंपी यांनी हत्यारांना व यंत्राला तेलाचा हात फिरवावा. पिंजाऱ्यांनी गाद्यांची कामे मृगाआधीच उरकावीत. ओला कापूस नीट पिंजला जात नाही. गोण्या जमिनीवर नकोत. खाली फळी आणि भिंतीपासून वीतभर अंतर हवे.

स्वतःसाठीही थोडे बांधून घ्यावे. या वाऱ्यात छत्री उलटते, तेव्हा रेनकोट हवाच. चामड्याच्या चपलेऐवजी रबरी चप्पल, कोरड्या कपड्यांचा एक जोड, बॅटरी, आणि पैसे, बिले व मोबाइल यांसाठी प्लास्टिकची पिशवी घ्यावी.

शेवटची गोष्ट मालाहून मोठी आहे. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून वस्ती गाडली गेली. पुलावरून पाणी वाहत असेल तर टेम्पो घालू नका, आणि रात्री डोंगराखाली गाडी लावून झोपू नका. बुडालेला बाजार गणपतीच्या दिवसांत भरून निघतो. माणूस गेला तर घर कसे भरून निघणार?