कृत्रिम स्नायूंचा आहार

ऋग्वेदांतील विश्पलेची कथा आम्हीं संस्कृतच्या वर्गांत पुष्कळ वेळां सांगितली. तिचा पाय तुटला असतां अश्विनीकुमारांनीं तिला लोखंडाचा पाय बसवून दिला. एकदां मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, तो पाय हाले कशानें?” आम्हीं त्या मुलास दटावून खालीं बसविलें. त्याचा प्रश्न मर्माचा होता, हें आम्हांस फार उशिरां उमगलें.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ते जोसेफ मॅक्किबेन यांनीं पोलिओनें लुळ्या पडलेल्या आपल्या मुलीसाठीं एक कृत्रिम स्नायु सिद्ध केला. रबराची एक नळी आणि तिच्याभोंवतीं तिरकस विणीचें जाळीदार आवरण, एवढेंच त्याचें साहित्य. नळींत दाबलेला वायु सोडला कीं ती फुगूं लागते. परंतु विणीचे धागे ताणत नाहींत, म्हणून ती जों जों रुंदावते तों तों आंखडते. आपला स्नायूही आंखडूनच हाड ओढतो. बापाच्या कळवळ्यांतून निघालेली ही युक्ति पुढें यंत्रमानवांच्याही कामीं आली. परंतु वायु आणावयाचा कोठून? त्यासाठीं कार्बन डायऑक्साइडची टांकी जवळ बाळगावी लागे!

२०१४ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील रे बॉमन प्रभृति संशोधकांनीं निराळाच मार्ग दाखविला. मासे धरण्याच्या गळाची नायलॉनची दोरी त्यांनीं वेटोळीं पडेपर्यंत पिळली. तापविली कीं ती आंखडते, आणि तितक्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट भार उचलते. वाचून आम्ही थक्क झालों. मात्र दिलेल्या उष्णतेचा अगदीं अल्प अंश कामास लागतो, आणि सैल होण्यासाठीं दोरी पुन्हां निवावी लागते. आपल्या स्नायूंत अन्नाच्या शक्तीपैकीं शेंकडा २० ते २५ भाग कामीं येतो. रक्त शिधाही पोंचवितें आणि उष्णताही वाहून नेतें.

१९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं घडविलेल्या जयपूर पायास बाहेरची शक्ति लागतच नाहीं. चालणाराचें स्वतःचेंच बळ त्यास पुरतें. हाताचें तसें नाहीं. बोटें मिटणारा विजेचा हात मोटारीवर चालतो. दिवसभर घांस उचलून झाल्यावर त्याची बॅटरी पुन्हां भरावी लागते.