उकळी काढली की झालं?

सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं मेसच्या आमटीला कंटाळली की इंडक्शनची शेगडी आणतात. मग लवकरच एक वहिवाट पडते: सकाळी दोन्ही वेळचा भात लावायचा, पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं, रात्री फोडणी द्यायची. ‘अरे, खराब नाही का होत?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘उकळी काढली, वाफ आणली की सगळे जंतू मरतात.’ हे इतक्या ठामपणे सांगतात की चिडायला होतं. कारण वाक्य अर्धं खरं आहे.

जंतू मरतात. त्यांनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं.

बॅसिलस सिरियस हा मातीतला जिवाणू तांदळातही आढळतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. कुकरच्या वाफेत बरेच मरतात, पण झाकण काढून डाव घातला की नवे येऊ शकतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांतले काही प्रकार सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवूनही ते टिकल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. शिट्टी देणारा कुकर जेमतेम १२० अंशांच्या आसपास जातो. तिथे रात्रीची फोडणी काय करणार? भाताला वास येईलच असंही नाही, तेव्हा ‘हुंगून बघितलं’ हा पुरावा बाद. उलट्या अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात, बहुतेकांच्या दिवसभरात थांबतात, आणि खापर पित्तावर फुटतं.

बहुतेकांच्या. ब्रुसेल्समध्ये २००८ साली २० वर्षांचा एक विद्यार्थी मात्र गेला. पाच दिवसांपूर्वी शिजवून स्वयंपाकघरात तसंच ठेवलेलं स्पॅगेटी त्याने गरम करून खाल्लं होतं. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी’मध्ये २०११ साली हे प्रकरण छापून आलं आहे. घटना अतिशय दुर्मीळ, घाबरून भात सोडायचं कारण नाही. पण गरम तर त्यानेही केलं होतं.

‘आमची आजी शिळा भात खायचीच की!’ खायची. कुणाचं पोट कधी बिघडलं याची वही काही आजी ठेवत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. खोलीत फ्रिज असेल तर भात ताटात पसरा, वाफ गेली की डब्यात भरून आत. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरताच लावा. अर्धी वाटी तांदूळ एकट्याला पुरतो.

बाकीचे समज किरकोळ. ‘गरम अन्न आत ठेवलं की फ्रिज बिघडतो’: वीज थोडी जास्त जाते, इतकंच, रटरटतं पातेलं तेवढं आत सारू नका. ‘बेस्ट बिफोर उलटलं, फेका’: ती तारीख दर्जाची, ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली तर मात्र खरंच फेका. ‘राजमा भिजवला की नुसता मऊ झाला तरी चालतो’: चालत नाही. भिजवलेलं पाणी टाकून निदान १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवा, नाहीतर त्यातलं लेक्टिन पोट धरायला लावतं. ‘मोठं पाकीट नेहमी स्वस्त’: किलोमागची किंमत काढून बघा, आणि महिन्याभरात पाच किलो कणीक तुम्ही खरंच मळणार आहात का तेही.