हॉटेल कोणते? आधी पायऱ्या मोजा

दोन वर्षांपूर्वी बाबांचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस आम्ही मुंबईतील एका नावाजलेल्या हॉटेलात साजरा करायचे ठरवले. रविवार होता. सव्वाआठला टेबल मिळेल असे फोनवर सांगण्यात आले होते, म्हणून बाबांनी नेहमीच्या शिस्तीने आठ वाजता घरीच मधुमेहाची गोळी घेतली. प्रत्यक्षात दाराबाहेर पाऊण तास उभे राहावे लागले. बसायला बाक नव्हता. आत गेल्यावर जेवण यायला आणखी अर्धा तास लागला. मधल्या वेळात बाबा गप्प झाले. गोंगाटात काही ऐकू येत नसेल, असे आम्हांला वाटले. त्यांच्या कपाळावरचा घाम आणि थरथरणारा हात नातीने पाहिला, तेव्हा कुठे खरा प्रकार ध्यानात आला. पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून दिली. पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. विपरीत काही घडले नाही.

परंतु परतताना टॅक्सीत ते जे बोलले, ते अजून कानांत आहे. “पुढच्या वेळी तुम्ही जाऊन या. माझ्यासाठी घरी आणा काहीतरी.”

हे वाक्य अनेक घरांत या ना त्या रूपात उच्चारले जाते. एखादा वाईट प्रसंग घडतो आणि ज्येष्ठ मंडळी बाहेर जेवायला जाणे बंद करतात. घरचेही मनातून सुटकेचा निःश्वास टाकतात. मग माणसांत बसणे, चवीत बदल, नवे कपडे घालण्याचे निमित्त हे सारे एकदमच संपते. वस्तुतः दोष वयाचा नसतो. चुकलेली असते ती निवड. हॉटेल निवडताना आपण चव, नाव आणि दर पाहतो. ज्याच्यासाठी जायचे त्या माणसाचे शरीर पाहत नाही. हा क्रम उलटा केला, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ज्येष्ठांना सुखाने जेवता येईल अशा जागा कमी नाहीत.

जागा: दारापासून खुर्चीपर्यंत

मुंबईतील जुन्या, चांगल्या खाणावळी पुष्कळदा पहिल्या मजल्यावर आहेत. माटुंगा स्थानकाजवळचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर साधे, सात्त्विक जेवण वाढत आले आहे. काळबादेवीतील श्री ठाकर भोजनालयाची गुजराती थाळी अशीच प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी जेवायला वर जावे लागते. गुडघे साथ देत असतील तर अवश्य जावे. ते दुखरे असतील, तर तळमजल्यावरचे साधे उपाहारगृह हेच अधिक चांगले हॉटेल होय. चढण्यापेक्षा उतरणे कठीण, आणि उतरायचे असते भरल्या पोटी, हेही विसरू नये.

शक्य असल्यास घरातील एकाने आधी जागा पाहून यावी. टॅक्सी दाराशी थांबते का? पायऱ्या किती आणि कठडा आहे का? खुर्चीला पाठ आणि हात आहेत का? टेबलाला जोडलेल्या बाकावर आत सरकणे आणि तेथून उठणे हे सांधेदुखीच्या माणसाला शिक्षा वाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वच्छतागृह. ते कोणत्या मजल्यावर आहे, कमोड आहे की भारतीय पद्धतीचे, उंबरठा किती उंच आहे, फरशी ओली राहते का, हे पाहावे. स्वच्छतागृहाच्या धास्तीने दुपारपासून पाणी न पिणारे वृद्ध अनेक आहेत. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात हा उपास पडला की चक्कर आणि बद्धकोष्ठता ठरलेलीच.

आवाजाचाही विचार हवा. श्रवणयंत्र समोरच्याच्या बोलण्याबरोबर भांड्यांचा खणखणाट आणि संगीतही वाढवते. त्यामुळे गजबजलेल्या दालनात यंत्र लावणारा माणूस टेबलावर असूनही गप्पांच्या बाहेर राहतो. भिंतीकडचा, स्वयंपाकघर आणि ध्वनिक्षेपक यांपासून दूरचा कोपरा मागावा. त्यांची पाठ भिंतीकडे असावी आणि सर्वांचे चेहरे त्यांना उजेडात दिसावेत.

वेळ: गोळी आणि ताट यांची गाठ

आमची खरी चूक वेळेची होती. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेतल्यानंतर जेवण लांबले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येते. घाम, कंप, धडधड, गोंधळलेपणा किंवा अकारण चिडचिड ही तिची लक्षणे होत. उतारवयात ती अस्पष्ट असतात आणि “दमले असतील” म्हणून दुर्लक्षिली जातात. आपल्या औषधांपैकी कोणती जेवणाशी बांधलेली आहेत, हे डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. ती गोळी घरी न घेता सोबत न्यावी का आणि ताट समोर आल्यावर घ्यावी का, हेही त्यांनाच विचारावे. पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पूड असावी. साखर उतरल्याचा संशय येताच, माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर, तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर जेवण द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

म्हणून रविवारची रात्र टाळावी. आठवड्यातला मधला वार, दुपारी बारा किंवा सायंकाळी सातचा सुमार ही ज्येष्ठांची वेळ. तेव्हा रांग नसते, वेटरला बोलायला सवड असते. शिवाय लवकर जेवल्याने झोपेपर्यंत दोन-तीन तास मिळतात आणि रात्री छातीत जळजळ होण्याचा त्रास टळतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. भरपेट जेवणानंतर रक्तप्रवाह पचनसंस्थेकडे वळतो आणि वृद्धांमध्ये, विशेषतः रक्तदाबाची औषधे किंवा कंपवात असणाऱ्यांमध्ये, रक्तदाब एकाएकी घसरू शकतो. जेवणानंतर उठताच तोल जातो तो यामुळे. बिल चुकते करून लगेच उठू नये. थोडा वेळ बसावे, घोटभर पाणी प्यावे, मग टेबलाचा आधार घेऊन सावकाश उभे राहावे.

स्वच्छता: काय पाहावे

दादरच्या मामा काणे यांच्या जुन्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द आहे. बाहेर खाणाऱ्याला सर्वांत आधी हीच हमी हवी असते, हे त्या नावामागचे शहाणपण आजही खरे आहे.

प्रत्येक हॉटेलाने अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावायचा असतो. तो नसेल तर पुढे जावे. असेल तर धंदा नोंदलेला आहे एवढेच कळते. आजचे सांबार ताजे आहे की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते. टेबल पुसण्याचे फडके, वाढणाऱ्याची नखे, हात धुण्याच्या जागी साबण आणि स्वच्छतागृहाची अवस्था या चार गोष्टी आतल्या स्वयंपाकघराविषयी बरेच काही सांगून जातात.

उतारवयात हे अधिक का पाहावे? जठरातील आम्ल आणि प्रतिकारशक्ती दोन्ही कमी झालेली असतात. तरुणाला जो जुलाब एका दिवसात सोडतो, तोच वृद्धाला पाणी कमी पडून सलाईनपर्यंत नेऊ शकतो. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. यावरून साधा नियम निघतो: गरम पदार्थ वाफाळता यावा, थंड पदार्थ खरोखर थंड असावा आणि कोमट काहीही नको. सकाळपासून बाहेर ठेवलेली ओल्या नारळाची चटणी, चिरून ठेवलेली कोशिंबीर, उघड्यावर मांडलेल्या बुफेतील भात आणि बर्फ घातलेली पेये टाळावीत. ताटातले कोमट असेल तर न संकोचता परत पाठवावे. गर्दीचे हॉटेल गैरसोयीचे असले, तरी तेथे पदार्थ साठून राहत नाहीत. म्हणून चांगली चालणारी जागा निवडावी, मात्र गर्दी नसलेल्या वेळी जावे.

मेन्यूकार्ड: मागण्याची कला

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी असावे. हॉटेलात ते पापड, लोणचे, सूप, सॉस आणि रश्शातून नकळत येते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मेन्यूकार्डावर उष्मांक छापणे बंधनकारक आहे. त्यावरून मिठाचा अंदाज मात्र येत नाही. तेव्हा “मीठ कमी, तिखट कमी, वरून लोणी नको” असे आधीच सांगावे. ऑर्डर मिळाल्यावर पदार्थ करणाऱ्या हॉटेलांना हे जमते. तयार रस्सा गरम करून देणाऱ्यांना जमत नाही. या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडा होतो.

या बाबतीत आपल्याकडची उडुपी आणि मराठी उपाहारगृहे ज्येष्ठांना वरदान आहेत. इडली, उपमा, मऊ खिचडी, दहीभात, ताक हे पदार्थ कवळीला सोपे, पोटाला हलके आणि झटपट येणारे आहेत. थाळी आवडत असेल तर आग्रहाला हसून हात आडवा करावा. एका थाळीऐवजी दोन पदार्थ मागवून वाटून घेणे बरे.

औषधांचीही पथ्ये असतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अजिबात सोडायच्या नसतात, पण एका जेवणात एकदम भरपूरही खायच्या नसतात. मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांनी ‘आरोग्यदायी’ म्हणून शहाळ्याचे पाणी मागवू नये.

कवळी, कोरडे तोंड किंवा पक्षाघातानंतरची गिळण्याची अडचण असेल तर चिकट, कोरडे आणि काटेरी पदार्थ टाळावेत. घास घशात अडकलेला माणूस ओरडत नाही. त्याला बोलता वा खोकता येत नाही, तो गळ्याशी हात नेतो. अशा वेळी त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके आत व वरच्या दिशेने द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि त्याच वेळी मदत बोलवावी. घरातील एकाने तरी हे शिकून घ्यावे.

मान: मेन्यूकार्ड कोणाच्या हाती?

वरची सारी काळजी घेऊनही एक गोष्ट सुटते. वेटर मुलाला विचारतो, “आजोबांना काय देऊ?” आणि मुलगाच उत्तर देतो. “त्यांना साखर आहे, गोड नको” हे शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाते. वाढदिवस असतो आजोबांचा, आणि त्यांची अवस्था होते पथ्याच्या यादीसारखी. मेन्यूकार्ड पहिल्यांदा त्यांच्या हाती द्यावे. अक्षर लहान असेल तर शेजारी बसून हळूच वाचून दाखवावे. पथ्याची चर्चा घरीच उरकावी. रोजच्या आहारात साखर आटोक्यात असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने अर्धा गुलाबजाम त्यांच्या वाट्याला यावा, आणि तो इतरांच्या नजरा न झेलता यावा. बिल द्यायचे म्हणाले तर देऊ द्यावे. सांभाळणाऱ्या व्यक्तीनेही त्या तासाभरात स्वतःचे ताट गरम असतानाच जेवावे. सोबतीला आणखी एक जण असला की हे साधते.

बाबांना पुन्हा बाहेर काढायला आम्हांला आठ महिने लागले. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, तळमजल्यावरच्या एका लहानशा उडुपी हॉटेलात गेलो. गोळी खिशात होती. दाराशी ते थांबले, खाली पाहिले आणि म्हणाले, “दोनच आहेत.” मग कठड्याला हात न लावता आत गेले. त्यांनी स्वतःच इडली-सांबार मागवले आणि सांबार गरमच हवे, असे वेटरला दोनदा बजावले. बिल त्यांनीच दिले.

निघण्यापूर्वी फोनवर विचारावे

• बसण्याची सोय तळमजल्यावर आहे का? नसल्यास लिफ्ट आहे का?
• स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? कमोड आहे का?
• टेबल राखून ठेवता का? या वेळी रांग असते का?
• पाठ आणि हात असलेली खुर्ची व शांत कोपरा मिळेल का?
• मीठ-तिखट कमी करून पदार्थ करून मिळतो का?

पिशवीत असावे

• जेवणाच्या वेळेची औषधे आणि सर्व औषधांची यादी
• साखर किंवा ग्लुकोज, चार बिस्किटे
• पाण्याची बाटली, वाचायचा चष्मा, पातळ शाल