कडेच्या टिपा आत न्यायच्या कशा?

मुलाखतीपासून अहवालापर्यंत : लेखांक ९

मागच्या आठवड्यात ध्वनिमुद्रण ऐकून मुलाखत वर्डमध्ये उतरवण्यापर्यंत आलो होतो. आता त्या फाइली विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या. काम क्षुल्लक वाटतं. इम्पोर्टचं बटण दाबायचं, फाइल निवडायची, मजकूर आत. पण उजव्या समासात आपण ज्या कॉमेंट्स लिहून ठेवलेल्या असतात त्यांचं काय झालं, हे फार थोडे जण तपासतात. काही सॉफ्टवेअर त्या सरळ टाकून देतात, काही आपल्या पद्धतीनं कुठेतरी ठेवतात. सूचना येईलच असं नाही. महिन्याभरानं गटातलं कुणी विचारतं, "इथे ती बाई बोलता बोलता थांबली, असं तू लिहिलं होतंस ना?" आणि मग शोधाशोध सुरू होते.

उदाहरण वांगणीचं घेऊ. जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ साली बालमृत्यूंमुळे राज्यभर माहीत झालं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. मुलं भुकेनं गेली की आजारानं, हा वाद तेव्हा झाला. पुढे २०१६ साली शेजारच्या मोखाड्यातल्या खोचच्या बालमृत्यूनंतर कुपोषणाची चर्चा पुन्हा उसळली. सरकारी नोंदीत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात, हे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालानं मोजून दाखवलं होतं. मोजणीनं किती गेली ते कळतं. का गेली, हे कळायला घरच्यांशी बोलावं लागतं, कारण दाखल्यावर न्यूमोनिया किंवा अतिसार असा एकच शब्द असतो आणि त्याच्या मागे उशिरा मिळालेली गाडी, भगताकडे गेलेले दोन दिवस, वीटभट्टीवरचा मुक्काम असं बरंच काही उभं असतं.

समजा, वांगणीच्या एका पाड्यावर एका आईची मुलाखत झाली. दिवाळीनंतर घरचे सगळे भट्टीवर गेले, होळीला परतले, पावसाळ्यात मूल आजारी पडलं, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला, असं ती सांगते. उतरवणाऱ्यानं समासात चार कॉमेंट्स टाकल्या. पहिली : 'स्थलांतर'. दुसरी : 'इथे सासूकडे बघून थांबली, पुढचं उत्तर सासूनं दिलं'. तिसरी : '१२.४० ला शब्द कळला नाही, पाड्यावरच्या मुलाला विचारणे'. चौथी : 'अंगणवाडीच्या नोंदीत मूल मॅममध्ये आहे, आई सांगते दंडघेर कुणी मोजलाच नाही' (मॅम म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण).

चारही दिसायला सारख्या, पिवळ्या चौकटीतल्या. पण जात प्रत्येकीची वेगळी. 'स्थलांतर' हा कोड आहे, म्हणजे मजकुराला लावलेली खूण. दुसरी हे निरीक्षण. मुलाखतीच्या शब्दांत ते कुठेच नाही. तिसरी ही कामाची आठवण, ती आत न्यायचीच नाही. शब्द विचारून घ्यायचा, मजकुरात भरायचा आणि कॉमेंट पुसायची. चौथी सगळ्यांत मोलाची, कारण तिथे दोन साक्षी एकमेकींना छेद देतात. आयात करण्याआधी एक बैठक मारून ही वर्गवारी करावी. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

आता कॉमेंट फाइलीत राहते कुठे ते पाहू. वर्ड २००७ पासून आलेली डॉकएक्स फाइल दिसते एक, असतं ते गाठोडं. फाइलीची एक प्रत करून तिच्या नावातलं शेवटचं 'डॉकएक्स' काढून 'झिप' लिहा आणि उघडा. आत मुख्य मजकुराची एक फाइल सापडेल आणि कॉमेंट्सची वेगळी. मजकुरात फक्त दोन खुणा असतात : अमुक क्रमांकाची कॉमेंट इथे सुरू, इथे संपली. कॉमेंटचे शब्द, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ हे सगळं दुसऱ्या फाइलीत. जे सॉफ्टवेअर मुख्य मजकूर तेवढा वाचतं, त्याच्या दृष्टीनं कॉमेंट नावाची गोष्टच नसते. मोफत मिळणारं क्वालकोडर फाइलीतला साधा मजकूर उचलतं. टॅगेट हे दुसरं मोफत साधन फाइलीचं आधी वेबपानासारखं रूपांतर करतं. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या रिचर्ड्स दांपत्याच्या कामातून पुढे आलेलं एनव्हिवो, जर्मनीतली मॅक्सक्यूडीए आणि अ‍ॅटलास टीआय ही पैसे मोजून घ्यायची. यांतल्या प्रत्येकाची वागणूक आवृत्तीगणिक बदलते, म्हणून कुणाच्याही सांगण्यावर, माझ्यासुद्धा, विसंबू नये. आपल्याकडे आहे त्या आवृत्तीत करून बघावं.

कॉमेंट्स बाहेर काढायचे मार्ग तीन. सगळ्यांत सोपा छपाईचा. वर्डच्या प्रिंटमध्ये 'लिस्ट ऑफ मार्कअप' निवडलं की कॉमेंट्सची यादी निघते, तिची पीडीएफ करून ठेवता येते. विश्लेषणाला ती फारशी कामाची नाही, पण हरवण्याविरुद्धचा विमा म्हणून जरूर करावी.

दुसरा मार्ग मॅक्रोचा, म्हणजे वर्डमध्येच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. पंधरा-वीस ओळींचा मॅक्रो प्रत्येक कॉमेंटपाशी जाऊन चार गोष्टी उचलतो : कॉमेंट ज्या वाक्यावर आहे ते वाक्य, कॉमेंटचे शब्द, लिहिणारा, वेळ. त्यांचं टेबल तयार होतं. मुलाखतीचा क्रमांक आपण आणखी एका रकान्यात घालायचा. हे टेबल सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र दस्तऐवज म्हणून न्यावं आणि मुलाखतीच्या त्या त्या ओळीला मेमो, म्हणजे सॉफ्टवेअरमधली टीप, जोडताना समोर ठेवावं. मुलाखती वीस-पंचवीस असतील तर मेमो हातानंच जोडावेत असं मी सुचवीन. वेळ जातो, पण त्या निमित्तानं प्रत्येक टीप पुन्हा वाचली जाते आणि काही टिपा चुकीच्या होत्या हेही तेव्हाच कळतं.

तिसरा मार्ग लोकप्रिय आणि धोक्याचा : कॉमेंट उचलून मजकुरातच कंसात टाकायची. आयात बिनबोभाट होते. पण आता 'सासूकडे बघून थांबली' हे वाक्य आईच्या बोलण्याच्या मधोमध बसलं. पुढे 'सासू' हा शब्द किती वेळा आला हे सॉफ्टवेअर मोजेल तेव्हा आपलाच शब्द तिच्या नावावर जमा होईल. अहवाल लिहिणारा तिसराच असेल, तर कंस गळून अवतरणही छापलं जाईल. वांगणीसारख्या ठिकाणी, जिथे कोण काय म्हणालं यावरच सगळा वाद आहे, ही चूक परवडणारी नाही. हा मार्ग घ्यायचाच असेल तर प्रत्येक टिपेआधी दुहेरी चौकटी कंस आणि 'टीप' हा शब्द ठरवून टाकावा, आत गेल्यावर अशा सगळ्या ओळींना एक वेगळा कोड लावावा आणि मोजणीतून तो कोड वगळावा.

लिहिणाऱ्याचं नाव टिकवण्याचाही प्रश्न आहे. कार्यालयातल्या एकाच कॉम्प्युटरवर चौघं काम करतात आणि सगळ्या कॉमेंट्स 'अ‍ॅडमिन' या इसमाच्या नावावर पडतात. हा अ‍ॅडमिन महाराष्ट्रातल्या बहुतेक संशोधनांचा सहलेखक असावा. वर्डच्या ऑप्शन्समध्ये नाव आणि आद्याक्षरं बदलता येतात. बसल्या बसल्या ते आधी करावं. बोली समजावून देणारा पाड्यावरचा मुलगा आणि शहरातून गेलेली संशोधिका यांच्या टिपांचं वजन सारखं नसतं. कुठली कुणाची, हे पुढे लागणारच.

मराठीपुरती एक वेगळी डोकेदुखी आहे. जुन्या मुलाखती श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर आत गेल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण खाली अक्षरं रोमनच असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग आयात. आणि रूपांतर करताना कॉमेंट्सही करायच्या, त्या हमखास राहतात. युनिकोडमध्येही गंमत आहे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, 'अ‍ॅ' सुद्धा एकाहून अधिक तऱ्हांनी. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही, सर्च मात्र एक तऱ्हा शोधतो आणि दुसरी सोडतो. सगळ्या फाइलींत आधीच फाइंड-रिप्लेस करून एकच तऱ्हा ठेवावी.

हे सगळं आयातीपूर्वी का, तर आत गेल्यावर सॉफ्टवेअर बहुधा अक्षरं मोजून खुणा लक्षात ठेवतं : अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंत 'स्थलांतर'. नंतर मजकूर दुरुस्त करायला गेलं की खुणा सरकण्याचा धोका असतो. ट्रॅक चेंजेसही आधीच निकालात काढावेत, नाहीतर खोडलेलं वाक्य जिवंत होऊन आत येतं.

शेवटी नावांचं. मुलाखतीत आपण आईचं नाव बदलतो, पाड्याचं नाव काढतो आणि कॉमेंटमध्ये 'अमक्याची सून, विहिरीजवळचं घर' असं राहून जातं. पंधरा-वीस घरांच्या पाड्यावर एवढ्यावरून कुणीही ओळखेल. फाइल दुसऱ्याला देण्याआधी टिपांची चाळणी मजकुराइतकीच काटेकोर व्हायला हवी, आणि मूळ प्रत कुलपात.

पुढच्या आठवड्यात कोड कसे ठरवायचे ते पाहू. तोवर एक करा. सगळा ढीग एकदम आत टाकू नका. भरपूर कॉमेंट्स असलेली एकच मुलाखत निवडा, वर्डमध्ये कॉमेंट्स मोजा, आयात करा आणि आत किती पोहोचल्या ते मोजा. आकडा जुळला तरच दुसऱ्या फाइलीला हात लावा.