किल्लेकोटाची वेळ

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला मोहऱ्यांच्या चाली येऊ लागल्या की पहिला उपदेश मिळतो तो किल्लेकोटाचा: दहा चालींच्या आत राजा कोपऱ्यात न्यायचा. शालेय स्पर्धा इंदूरची असो की नागपूरची, हरलेल्या मुलाला 'कॅसलिंग का केलं नाहीस?' हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. 'आत्ताच का केलंस?' असे मात्र फारसे कोणी विचारत नाही. खरे तर हा दुसरा प्रश्नच अधिक शिकवणारा आहे. किल्लेकोट ही साऱ्या डावात एकदाच मिळणारी सवलत आहे. ती कधी वापरायची हे चालींच्या मोजणीवरून ठरत नाही, पटाच्या मध्यावर उभी असलेली प्यादी ते ठरवतात.

याचा पुरावा आपल्या देशी खेळातच सापडतो. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरात आली, त्या काळी भारतात खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात आजचा किल्लेकोट नव्हता. नियम प्रांतोप्रांती थोडे बदलत, पण साधारण रीत अशी की प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके आणि राजाला, त्याला शह बसलेला नसेल तर, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादी अशी पायरीपायरीने चालली की समोरासमोर भिडायलाच वेळ लागतो. मध्य उशिरा उघडतो आणि राजाला पळण्याची घाई नसते. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट पटभर धावू लागले, प्यादीही पहिल्या चालीत दोन घरे पुढे जात होती. मधला राजा एकाएकी उघड्यावर आला आणि पुढच्या शे-दोनशे वर्षांत किल्लेकोट हळूहळू आजच्या रूपात स्थिरावला. म्हणजे तो मुळात वेगावरचा उतारा आहे. जिथे वेग नाही तिथे त्याची निकडही नाही. देशी रीतीत वाढलेला मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, तरी डावाची सुरुवात हीच त्याची दुबळी बाजू राहिली, कारण हा वेग त्याच्या सवयीचा नव्हता.

वेगवान मध्याचा दणका पाहायचा तर पॅरिसच्या ऑपेरागृहात १८५८ मध्ये पॉल मॉर्फीने खेळलेला डाव पाहावा. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर असे दोघे मिळून खेळत होते. मधली प्यादी चौथ्या-पाचव्या चालीलाच मारामारीत गेली होती, तरी काळ्याने नवव्या चालीला वजिराच्या बाजूचे प्यादे पुढे रेटले. मॉर्फीने घोडा देऊन उंटाचा शह दिला आणि बाराव्या चालीला वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. त्याच्या राजाला तेव्हा कसलीच भीती नव्हती. त्याला हवा होता तो हत्ती, एका चालीत थेट मोकळ्या पट्टीवर. सतराव्या चालीला मात झाली. काळ्याचा राजा मूळ घरातून हललाही नव्हता आणि त्या बाजूचा उंट आणि हत्ती शेवटपर्यंत जागेवरच बसून होते. किल्लेकोट म्हणजे केवळ बचाव, ही समजूत इथे मोडते. त्या एका चालीत दोन मोहरी हलतात, आणि पुष्कळदा त्यांतला हत्तीच महत्त्वाचा असतो.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. २००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रॅमनिकने कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव वापरला. त्याच्या प्रसिद्ध प्रकारात आठव्या चालीला वजिरांची अदलाबदल होते, काळा आपल्या राजानेच वजीर मारतो आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा गमावतो. तरी कास्पारोव्हला त्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही आणि तो ८.५–६.५ असा हरला. वजीर पटावरून गेले की मधला राजा लक्ष्य उरत नाही, पुढे तो कामालाच येतो. दुसरे उदाहरण किंग्ज इंडियनचे. या मांडणीचे 'इंडियन' हे नाव एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेनशी खेळणाऱ्या महेशचंद्र बॅनर्जी यांच्यासारख्या भारतीय खेळाडूंवरून आले. तिच्यात काळा पाचव्या चालीच्या आसपासच किल्लेकोट करतो. मग मधली प्यादी एकमेकांत अडकून बसली की तो आपल्याच राजापुढची प्यादी हल्ल्याला सोडतो. एरवी हा वेडेपणा ठरला असता. मध्य बंद आहे म्हणून तो खपतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो शिक्षकांचा: नवख्याला एवढा विचार झेपत नाही, त्यापेक्षा लवकर किल्लेकोट कर हा सरधोपट नियम बरा. नवख्यांच्या डावांत मध्य बहुधा उघडतोच, त्यामुळे हा नियम पुष्कळदा तारतो, हे मान्य. पण तो का तारतो हे सांगितले नाही, तर मूल समोरच्याचे उंट आणि वजीर ज्या कोपऱ्यावर रोखलेले आहेत त्याच कोपऱ्यात राजा नेऊन ठेवते. दुसरा आक्षेप असा की थांबण्यात धोका आहे. तोही खरा. राजा किंवा ज्या बाजूला किल्लेकोट करायचा तिकडचा हत्ती एकदा हलला की हक्क संपतो. शह बसलेला असताना किंवा राजाच्या वाटेतले घर शत्रूच्या माऱ्यात असताना किल्लेकोट करता येत नाही. म्हणून लांबणीवर टाकायचा तर त्या चालीत दुसरे काही ठोस मिळाले पाहिजे. तिसरा आक्षेप म्हणजे २०२१ साली डॉर्टमुंडमध्ये किल्लेकोटाविना झालेला सामना. त्यात आनंदने क्रॅमनिकला २.५–१.५ ने हरवले. मग ही चाल हवीच कशाला? पण तिथे हक्क दोघांनाही नव्हता. एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, अशी वेळ आली की खरी किंमत कळते.

म्हणून किल्लेकोटाआधी तीन प्रश्न विचारावेत. मध्य उघडा आहे का, किंवा पुढच्या दोन-तीन चालींत उघडेल का? वजीर पटावर आहेत का, आणि समोरच्याची मोहरी कोणत्या कोपऱ्याकडे वळली आहेत? आणि हीच चाल पुढच्या वेळी करता येईल का? मध्य उघडत असेल तर एक चालही दवडू नये. मध्य बंद असेल आणि हक्क शाबूत राहणार असेल, तर राजा कोणत्या बाजूला जाणार हे समोरच्याला आधीच सांगण्यात शहाणपण नाही; ते कळले की त्याची प्यादी त्याच बाजूने सुटतात. शिकवताना दहा चालींची मर्यादा खुशाल घालावी, पण डाव संपल्यावर मुलाला किल्लेकोट कितव्या चालीला केला हे न विचारता त्या चालीला मध्यावर काय चालले होते ते विचारावे. याचे उत्तर ज्याला देता येते, त्याला दहाचा आकडा पाठ करण्याची गरज उरत नाही.