पाणी दिसतं, माणसं मोजावी लागतात

फुलसावंगी यवतमाळच्या महागाव तालुक्यातलं गाव. पुसदकडून येणारी पूस नदी याच तालुक्यात हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. नद्यांचा निदान अंदाज असतो. भरवसा नाही तो नाल्यांचा. जुलै 2023 मध्ये तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली.

पाण्याच्या वाटेत कोणाचं घर, कोणाची सोयाबीन, कुठली शाळा येते, याचा नकाशा पावसाळ्याआधीच टेबलावर हवा. त्यासाठी साधा कॅमेरावाला उपग्रह पुरत नाही, ऐन आषाढात त्याला फक्त ढग दिसतात. तिथे रडार लागतं. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ पाण्यावर पडल्या की तिरप्या पलीकडे निसटतात, परत येत नाहीत. म्हणून चित्रात पाणी काळं आणि घरं उजळ. युरोपचा सेंटिनेल-1, इस्रोचा ईओएस-04 आणि जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हे याच जातीचे. अशा चित्रांवरून पुराचे नकाशे करण्याचं काम हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र करतं. राज्याचं स्वतःचं केंद्र, एमआरसॅक, नागपुरात आहे.

पण निसार त्याच जागेवर पुन्हा येतो 12 दिवसांनी. नाला रात्री चढतो आणि दुपारपर्यंत उतरतो. उपग्रह येईतो शेतात गाळ तेवढा उरलेला. पाणी कुठवर चढेल हे ज्यांवरून काढतात, त्या जमिनीच्या उंचीच्या नकाशांचंही तेच, तेही पुरत नाहीत. सगळीकडे सहज मिळणाऱ्या नकाशांत काही मीटरची चूक चालून जाते, आणि इथे तर प्रश्न पाणी उंबऱ्याच्या आत की बाहेर एवढाच असतो.

माझ्या मते खरी गोम माणसांच्या आकड्यात आहे. उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालची माणसं नाहीत. म्हणून जनगणनेचा गावाचा आकडा घेऊन तो चित्रातल्या घरांच्या चौकटींवर वाटून टाकतात. जगभर हीच रीत. आता मागची जनगणना पाहा: 9 ते 28 फेब्रुवारी 2011. या भागातल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेली असतात, आणि पूर्ण काळ बाहेर असलेला माणूस जिथे सापडला तिथेच मोजला जातो. पूर येतो जुलैत. तेव्हा सगळे घरी. म्हणजे धोक्याच्या दिवशी तांड्यावर माणसं जास्त आणि नकाशात कमी. त्यात तांडा बहुधा मूळ गावाच्या नावाखालीच मोजलेला, त्यामुळे त्याचा वेगळा आकडा हाताशी नसतोच.

यावर उपाय आकाशात शोधण्याची गरज नाही. कोतवाल, आशाताई, अंगणवाडीच्या बाई यांना कोणत्या घरात म्हातारं माणूस आहे, कोण बाळंतीण आहे, हे तोंडपाठ असतं. त्यांची यादी आणि रडारचं चित्र एका कागदावर आणायचं, ते मात्र मृग लागायच्या आत. पुढची जनगणना 2027 ची, आणि तीही फेब्रुवारीतच आहे.